कातडीवरचं गाणं

आखातातल्या रुसैलमध्ये, फोटोफ्रेमच्या कारखान्यात मी ऑर्डरी घेते. गिऱ्हाईक सांगेल ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी आत वर्कशॉपमध्ये पाठवायची. हॉटेलांसाठी उंटांचे फोटो, कुणाच्या लग्नाचे, कुणाच्या पोराची पदवी. बहुतेक सगळं गरम प्रेसमध्ये घालून पुठ्ठ्यावर सपाट चिकटवतात आणि वर काच लावतात.

प्रेसवर रत्नागिरीकडचे एक चाचा होते. हात सफाईदार, पण डोळे अधू झालेले. मोजपट्टीवरचे आकडे ते मला गुपचूप विचारायचे. मालकाला, म्हणजे आमच्या अर्बाबला, कळलं असतं तर त्यांचा व्हिसा पुढे वाढला नसता, आणि त्यांना अजून दोन वर्षं काढायची होती. मी आकडे सांगायचे. सांगताना भावही खायचे.

एक दिवस एका गोऱ्या बाईंनी फाईलमधून एक पान काढलं. हातभर लांब. चार-चार तांबड्या रेघा, त्यांवर सुरांच्या काळ्या चौकोनी खुणा, खाली लॅटिन शब्द. एका कोपऱ्यात बशीएवढं निळं अक्षर, त्याच्या पोटात हात जोडलेला दाढीवाला राजा आणि भोवती सोन्याची वेलबुट्टी. पाचशे वर्षांपूर्वी मठातले साधू या एका पानासमोर घोळक्याने उभे राहून गायचे, असं बाई म्हणाल्या. पान त्यांच्या वारलेल्या वडिलांचं होतं. मी वसईची, कॅथलिक, माझे वडील चर्चच्या कॉयरमध्ये गाणारे. मला त्या पानातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी ऐटीत म्हटलं, "हे आमच्याच चर्चचं गाणं. मी जातीने लक्ष घालते." बाईंना भरून आलं. त्या गेल्यावर मी चिठ्ठीवर नेहमीसारखं लिहिलं, गरम प्रेस.

दहाएक मिनिटांत चाचा पान घेऊन बाहेर आले.

"मॅडम, ह्यो कागद नाय. चामडा हाय. बकरीदची चामडी किती सुकवलीत आमी. गरम लागला का आकसंल."

माझं डोकंच फिरलं. ज्याला मी आकडे वाचून दाखवते, तो मला माझ्या चर्चची वस्तू शिकवणार!

"चाचा, बकरीदचं मला सांगू नका. चिठ्ठीवर लिहिलंय तसं करा. यल्ला, आटपा."

ते पान घेऊन आत गेले.

प्रेस उघडली तेव्हा पान भाजलेल्या पापडासारखं वेडंवाकडं झालं होतं. सोन्याचे पापुद्रे सुटून पुठ्ठ्यावर पडले होते, राजाचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. "या अल्ला," एवढंच म्हणून चाचा स्वतःच अर्बाबला फोन करायला गेले. तेवढ्यात मी प्रेसपाशी ठेवलेली चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली: चामडं आहे, उष्णता नको.

अर्बाब आला. चाचांनी खरं तेच सांगितलं, मॅडमला विचारलं होतं, त्या म्हणाल्या करा. मी नवी चिठ्ठी पुढे सरकवली. "सर, मैंने तो लिख के दिया था."

अर्बाबने ती चाचांच्या हातात दिली. "पढो."

चाचांनी चिठ्ठी नाकाशी धरली, मग लांब धरली, मग दाराच्या उजेडात नेली. त्यांना एक अक्षर लागेना. मला हे आधीच माहीत होतं, म्हणून तर मी लिहिली होती.

"कब से नहीं दिखता?" अर्बाबने विचारलं. चाचांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "खलास," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या आणि पान बघून खुर्चीत बसून रडल्या. मी त्यांना पाणी दिलं आणि नव्या माणसांवर भरवसा ठेवता येत नाही, असं काहीतरी बोलले. चाचा माझ्याही आधीपासून तिथे होते.

आठवड्याने चाचा कंपनीची खोली सोडून निघाले. जाण्याआधी माझ्या टेबलापाशी आले. ते काय काय बोलतील याचा मी आठवडाभर विचार केला होता, उत्तरंही तयार होती.

"मॅडम, अर्बाबच्या म्होरं तुमचा नाव घेतला. माझा चुकला," ते म्हणाले. "तुमी ‘नको’ बोललात, आन मी ‘करा’ आयकला. डोल्यांच्या मागून कानपन गेलेत आता. माफ करा."

मी कॉम्प्युटरवरची नजर काढली नाही.

"जाऊ दे चाचा, होतं असं," मी म्हटलं. "दार लावून घ्या, एसी चालू आहे."