आठाचा पीळ

सकाळचे साडेसात वाजले होते. फवारणीच्या पंपाचा चामडी वॉशर मऊ करायला हनुमंतनं गरम पाण्यात टाकला होता, आणि ज्या पातेल्यात टाकला होता ते नेमकं चहाचं होतं. स्नेहाच्या ते लक्षात आलं तेव्हा तिच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची राहिली.

"घरात एवढी भांडी. तुमाला ह्येच गावलं?"

"धुऊन देतो ना."

"चोवीस वर्सं फौजेत काढली, घरी येऊन नऊ झाली, पन वर्कशॉप काय डोक्यातनं जात न्हाई. सुंभ जळला तरी..."

म्हण पुरी व्हायच्या आत दाराची कडी वाजली. एकदा नाही, चांगली तीनदा.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बिबट्याच," स्नेहा म्हणाली. "कुनाच्या तरी गोठ्याशी आला असंल."

राजुरीत हनुमंतच्या मागं हे एक लचांड होतं. फौजेत आर्मोरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा माणूस. त्यामुळे उसात कुठं काही पिवळं हललं, की लोक वनखात्याला फोन लावायच्या आधी याच्या दारात. "हवालदार, काढा बंदूक!" बंदूक त्याच्याकडं नव्हतीच. आता तो स्टँडजवळच्या गाळ्यात पंप, मोटारी आणि शिलाई मशीन दुरुस्त करायचा. सांगून सांगून थकला होता बिचारा. "अहो, मी बंदुकीचा डॉक्टर. डॉक्टर काय घरात रोग पाळतो व्हय?"

पण दारात बिबट्याची बातमी नव्हती. खोडदचा मच्छिंद्र होता, हातात पेढ्यांचा पुडा. मागं त्याची मुलगी आशा, छातीशी फाईल धरून. आणि पिकअपच्या पुढच्या सीटवरून एक पाय खाली सोडून जमिनीचा अंदाज घेणारी त्याची आई, तानूबाई.

"आधी तोंड उघडा, हवालदार," म्हणत मच्छिंद्रनं पेढा कोंबलाच.

"जय भीम, मावशी. सकाळी सकाळी सगळं घरदार?" भरल्या तोंडानं हनुमंत म्हणाला.

"राम राम, बाबा. पुन्याला चाललोय. म्हनलं, तुज्या दारावरनं जायाचं अन् तसंच जायाचं, बरं दिसत न्हाई."

तसा या दोन घरांचा काही नात्याचा संबंध नाही. आशा शाळेत असताना तिच्या सरावाच्या हवेच्या रायफलीचा घोडा अडकायला लागला आणि पुण्यापर्यंत न्यायला सवड नव्हती, तेव्हा हनुमंतनं तो एका दुपारी शिलाई मशीनच्या तेलानं सरळ करून दिला होता. त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून पोरीच्या प्रत्येक पदकाचा पेढा आधी राजुरीला यायचा, मग खोडदच्या देवळात.

आता आशा एकवीस वर्षांची. तीनशे मीटरवर नेम धरते. प्रत्येक गोळीला बोल्ट हातानं मागं ओढून पुढं ढकलायचा, अशी तिची रायफल. पण हजारो गोळ्या खाऊन नळीचा घसा, म्हणजे गोळी जिथून आत शिरते तो भाग, झिजून गेला होता. नवी नळी परदेशातून मागवायची, तर अर्ज करून परवानगीची वाट बघायची. त्यात वर्ष सहज जातं. पुढच्या वर्षीच्या निवड चाचणीआधी नळी हातात यावी म्हणून अर्ज आजच पुण्याच्या कार्यालयात द्यायचा होता. पेढे त्या अर्जाचे होते.

"अजून अर्ज दिला न्हाई, अन् पेढे?" स्नेहा हसली.

"आमची म्हातारी. म्हनती, आधी गोड खाल्लं की काम मागं फिरत न्हाई."

हनुमंतनं हात पंचाला पुसले आणि सवयीनं फाईल मागितली. फौजेत कोणताही कागद त्याच्या हातून नुसता पुढं गेला नव्हता. ओळीवर बोट ठेवून वाचायचं, हे अंगात मुरलेलं. नाव, परवाना क्रमांक, नळीची जाडी, लांबी. बोट खाली सरकत गेलं आणि एका रकान्यावर थांबलं.

तिथं लिहिलं होतं: पीळ, १:१२.

"आशा, गोळी कुठली वापरतेस? तीच सहा मिलिमीटरची, लांब?"

"हो काका, तीच. नेमबाजीचे सर म्हणतात, वाऱ्यात ती कमी हलते."

"अन् हा आकडा कुनी घातला?"

"म्या," तानूबाई अभिमानानं म्हणाली. "सर लांब गेल्यात, कँपाला. फोनवर म्हनले, जास्त पिळाची नळी घ्या, अन् फोन कटला. यादीत आकडं व्हते तीन: आठ, धा अन् बारा. ह्यो माजा ल्योक म्हनतो, मधला धा घेऊ, म्हंजी कुनाचं मन दुखायला नको. म्या म्हनलं, येड्या, ही काय सोयरीक हाय का मधला मार्ग काढायला? हातभर दोरात आठ पीळ घातलं तर दोर ढिला. बारा घातलं तर बैल वढून मेला तरी तुटायचा न्हाई. जास्त पीळ म्हंजी बारा!"

तानूबाईचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. लोकर कातायची, दोर वळायचे, दावी करायची. तिच्या हाताला पिळाबद्दल शिकवायची कुणाची टाप नव्हती. घरात सगळ्यांना तिचं पटलं होतं.

हनुमंतला हसू आलं नाही. त्याला आठवलं एकोणीस वर्षांचं एक पोरगं. नव्या बुटांनी टाचा सोललेलं. उस्तादानं दोन नळ्या पुढं ठेवून विचारलं होतं, दहाची जास्त पिळाची का बाराची? त्या पोरानं छाती काढून सांगितलं, बाराची. मग उस्ताद म्हणाला होता, बारा म्हणजे जास्त ना? तर मैदानाला बारा फेऱ्या मार. त्या पोराच्या आईनंही आयुष्यभर घायपाताचे दोर वळले होते.

"स्नेहा, ती ठिबकची नळी दे गं. मावशी, पिशवीत लोकर असंलच तुमच्या."

"लोकरीबिगर म्या कुटं जाते?"

नळीच्या तुकड्यावर त्यानं इंचांच्या खुणा केल्या आणि तानूबाईची लोकर तिरकी गुंडाळत नेली. "बंदुकीच्या नळीत आतनं असे आटे असत्यात, मळसूत्रासारखे. गोळी त्यातनं फिरत भाईर पडती, भवऱ्यावानी. फिरती म्हनून सरळ जाती. अन् गोळी जितकी लांब, तितकं तिला जास्त गरगरावं लागतं. आता बघा. हा आठ इंचात एक वळसा. वीतभरात फिरली. अन् हा बारा इंचात एक. बिनघाईची, रमतगमत. पीळ कुठं जास्त?"

मच्छिंद्र नळीकडं बघत राहिला. आशाच्या ओठांवरचं हसू हळूहळू गेलं. पण आधी उमगलं ते तानूबाईला. तिनं नळी हिसकून घेतली, वळशावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "म्हंजी आमी मोजतो हातभरात पीळ किती. अन् ह्या मेल्यांनी मोजलंय, एका पिळाला लांबी किती!"

"बराब्बर. आकडा ल्हान, तर पीळ मोठा."

"उलट्या काळजाची मान्सं."

"बारानं काय झालं असतं, काका?" आशानं विचारलं.

"तुजी लांब गोळी वाटंतच डुलाया लागली असती. कागदावर गोल भोक पडायच्या ऐवजी कुलपाच्या भोकासारखं लांबुडकं पडलं असतं. तुजा नेम बरोबर, अन् गोळी आडवी."

आशानं हनुमंतच्या हातातली फाईल ओढून घेतली. "काका... अर्ज कालच ई-मेलनं गेलाय. आज नुसती मूळ प्रत द्यायची होती."

मच्छिंद्रनं पेढ्यांच्या पुड्याकडं असं पाहिलं, जणू तोच गुन्हेगार. आशानं कार्यालयातल्या भरत नावाच्या कारकुनाचा नंबर लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. तिसऱ्यांदा तिनं फोन स्पीकरवर टाकला तेव्हा तानूबाई डोळे मिटून पुटपुटत होती.

"हॅलो, कोण? ताई, मी रस्त्यात आहे, बोला पटकन."

आशानं एका दमात सगळं सांगितलं.

"ई-मेल ना? तो मी अजून उघडला पण नाही. अहो, आमच्याकडं कागद येईल तोच खरा. तुम्ही दुरुस्त करून आणा, मी जुना काढून टाकतो. पाचच्या आत या मात्र."

फोन ठेवल्यावर आशा आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदमच. मच्छिंद्र ओट्यावर फतकल मारून बसला. तानूबाईनं हनुमंतच्या दोन्ही गालांवरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली आणि म्हणाली, "म्या तर पोरीचं वरीसच बुडवलं व्हतं रं."

"तुमचा हिशेब दोराला सोळा आणे खरा, मावशी. माजा बी हाच चुकला व्हता. बारा फेऱ्या पळालोय त्यापायी."

"पळालास? आन् मला काय शिक्षा?"

"तुमी चहा प्या," स्नेहा म्हणाली, आणि दुसरं पातेलं शोधायला आत गेली.

फाईलमध्ये एक कोरा अर्ज होताच. आशानं तो ओट्यावरच बसून नव्यानं भरला. हनुमंतनं आकड्यापुढं अक्षरातही लिहायला लावलं, आठ इंचात एक पूर्ण वळसा. मग बोट ठेवून दोनदा वाचला. तानूबाईलाही दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण आठ ओळखता येत होता. तिनं मान डोलावली.

निघताना मच्छिंद्र पिकअपच्या दारात घुटमळला. "हवालदार, एवढं केलंत. काय पायजे ते मागा राव. कोकरू देतो, कांदं देतो."

हनुमंतनं आधी हात हलवून नको म्हटलं. मग त्याला काहीतरी वाटलं आणि तो दोन पावलं पुढं आला. पंपाच्या नळ्या आतून आंधळ्याच, त्यांत आटे नसतात. फौजेच्या वर्कशॉपात रोज सकाळी बंदुकीची नळी खिडकीकडं धरायची, एक डोळा मिटायचा, आणि आत उजेड आट्यांवरून गोल गोल फिरत लांब जाताना बघायचा. कुठं ओरखडा, कुठं गंज, कुठं घसा गेलेला, ते त्या उजेडातून वाचायचं. चोवीस वर्षांत नळ्या किती बघितल्या त्याची गणती नव्हती. आणि गेल्या नऊ वर्षांत एकही नाही.

"आशा," तो म्हणाला, "नवी नळी आली की रायफलीला बसवायच्या आधी मला एकदा आतनं बघू दे."