दोघांचं जुळलं, तर वाचायचं

कागद हातात आला, की नाना आधी फोन उचलायचे. दोन माणसांना विचारल्याशिवाय त्यांनी माईकपुढे तोंड उघडलं नाही. फक्त एकदा उघडलं, आणि ते माझ्यामुळे. मागच्या महिन्यापर्यंत हे मी कुठे सांगितलं नव्हतं.

जळगावातलं आमचं खासगी रेडिओ केंद्र जाहिरातींवर चालायचं. बातम्यांची परवानगी नव्हती. हवामान, रस्ते, बाजार एवढंच सांगायचं. मी केंद्रप्रमुख. नाना शिरपूरकडचे, निवृत्त मास्तर. उद्या रावेरला केळी न्यायला किती ट्रक येणार, हे ते रोज संध्याकाळी सांगत. ते ऐकून शेतकरी घड कापायचे की नाही ते ठरवत. कापलेली केळी थांबत नाहीत. म्हणून नाना मजुरांच्या मुकादमाला विचारत आणि ट्रकवाल्यालाही. "दोघांचं जुळलं, तर वाचायचं. नाही तर गाणं लावा. गाण्यानं कुणाचा माल सडत नाही."

एकदा मुकादम लग्नाच्या पंगतीत होता. नानांनी त्याला पानावरून उठवलं. "वरण गार झालं तर मला शिव्या दे, पण गाड्या किती ते सांग."

ज्या दिवसाचं सांगतोय, त्या दिवशी आमच्या सर्वांत मोठ्या जाहिरातदाराची, एका केळी व्यापाऱ्याची, चिठ्ठी आली: उद्या गाड्या भरपूर, माल कापा. मुकादमाचा फोन लागेना, ट्रकवाल्याचाही नाही. नाना म्हणाले, "साहेब, हे एकट्याचं सांगणं शे. तेही घेणाऱ्याचं."

"नाना, मास्तरकी पुरे. वाचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि वाचलं.

दुसऱ्या दिवशी मोजक्याच गाड्या आल्या. रस्त्याकडेला घडांचे ढीग लागले आणि व्यापारी म्हणेल त्या भावात माल गेला. शेतकरी आमच्या दारात आले. त्यांतला एक हळू आवाजात म्हणाला, "नाना, तुमच्या आवाजावर कोयता चालवला आम्ही."

"चूक मनी शे, भाऊ, माझीच," नाना म्हणाले.

मी शेजारीच उभा होतो. मग आत जाऊन वरिष्ठांना अहवाल लिहिला: निवेदकाने खातरजमा केली नाही. त्याच आठवड्यात नानांनी काम सोडलं. केंद्रावर आता दिवसभर गाणीच असतात.

मागच्या महिन्यात शिरपूरला गेलो. नाना ओट्यावर बसले होते, खूप थकलेले. चिठ्ठीपासून अहवालापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझ्या हातावर थोपटलं. "नाही साहेब. मुकादमाला विचारायचं मीच विसरलो. माझी चूक तुम्ही कशाला अंगावर घेता?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा मान हलवली.

"ते कायम असंच सांगतात," चहा ठेवताना सून म्हणाली.

चिठ्ठी आली त्या संध्याकाळी स्टुडिओत आम्ही दोघंच होतो. आता आमचं दोघांचं सांगणं जुळत नाही. नानांच्या नियमाप्रमाणे इथे गाणं लावायचं.