कॅमेरा कोणाला नको होता

"उमेदवार उभे राहून बोलतील," पाटणकर म्हणाले.

"बसून," मी म्हणाले.

दुबईतल्या रास अल खोरच्या एका कॅफेटेरियात आम्ही बराच वेळ एवढ्यावरच अडलो होतो. बाहेर ट्रकमधून कांद्याची पोती उतरत होती आणि टेबलावर करक चहाचे कागदी कप साठत चालले होते. पाटणकर तिथल्याच एका स्पेअर पार्ट्सच्या गोदामात फायनान्स मॅनेजर. त्यांचे उमेदवार मोहिते साहेब सहा फूट उंच, भारदस्त आवाजाचे. माझी उमेदवार नीलिमा सबनीस जेमतेम पाच फूट. उभ्याने बोलायचं ठरलं असतं तर पोडियममागून नीलिमाचं फक्त कपाळ दिसलं असतं. पाटणकरांना हे माहीत होतं, आणि ते मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं.

निवडणूक होती आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची. वाचून हसू येईल. माझ्या मुलीलाही आलं होतं.

"आई, सो बेसिकली इट्स अ क्लास मॉनिटर इलेक्शन."

मी तिला म्हटलं, मॉनिटर दरवर्षी बदलतो. मोहिते साहेब नऊ वर्षांत बदलले नव्हते.

मी दुबईत एका पीआर एजन्सीत मीडिया रिलेशन्सचं काम करायचे. म्हणजे कोणत्या पत्रकाराने आमच्या क्लायंटला कुठे भेटायचं, किती वेळ भेटायचं, फोटो काढायचा की नाही, हे सगळं आधी घासाघीस करून ठरवायचं. क्लायंट बहुतेक बिल्डर. २००८ सरता सरता क्रेन थांबल्या, मग माझा फोनही थांबला. एजन्सीने आठवडा अर्धा केला. त्यामुळे नीलिमाने जेव्हा विचारलं, "माझ्याकडून बोलणी करशील का?" तेव्हा माझ्याकडे वेळच वेळ होता आणि भांडायची खुमखुमीही साठली होती.

भांडणाचं मूळ मंडळाच्या घटनेतल्या एका नियमात होतं. सभासदाकडे इथला रेसिडेन्स व्हिसा हवा. आणि इथे व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की व्हिसा कॅन्सल, मग महिन्याभरात दुसरी नोकरी शोधा नाहीतर सामान बांधा. म्हणजे माणसाला चार ओळखींची खरी गरज पडते नेमकी तेव्हाच मंडळ त्याला बाहेरचा समजणार. नीलिमा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात एचआर मॅनेजर होती. त्या वर्षी लोकांना घरी पाठवायचं काम तिच्याच वाट्याला आलं होतं. हा नियम काढायचा आणि मंडळात एक जॉब डेस्क सुरू करायचा, एवढ्यासाठीच ती उभी राहिली होती. मोहिते साहेबांचं उत्तर ठरलेलं होतं. मंडळ गणपतीसाठी आहे, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज नाही.

वार्षिक सभेत मतदानाआधी दोघांनी समोरासमोर बोलावं हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. कसं बोलावं यावर मात्र एकमत नव्हतं. यालाच फॉरमॅट ठरवणं म्हणतात. खुर्च्या मी मिळवल्या. पहिलं भाषण त्यांना दिलं. वेळेची घंटा कोण वाजवणार यावर पाटणकर दोन कप चहा भांडले आणि शेवटी "खलास, तुमचा माणूस वाजवू दे" म्हणाले.

राहिला कॅमेरा. मुंबईचं एक मराठी चॅनल दुबईतल्या मंदीवर कार्यक्रम करत होतं, त्यांना आमची सभा शूट करायची होती. नीलिमाला ते हवंच होतं. "कॅमेऱ्यासमोर मोहिते नियमाच्या मागे लपू शकणार नाहीत," ती म्हणायची. तिला हॉलमध्ये मोकळा माइकही हवा होता. कोणीही उठावं आणि विचारावं.

"माइकचं बघू," पाटणकर म्हणाले. "कॅमेरा नाही."

"का?"

"साहेबांनी सांगितलंय. बाकी काहीही मागा."

आमच्या धंद्यात याला रेड लाइन म्हणतात. बाकी सगळ्यावर सौदा करणारा माणूस जिथे हलत नाही, तिथे कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की. मी मनात म्हटलं, साहेब घाबरले. आता याच मुद्द्यावर दाबायचं.

घरी आले तेव्हा सुहास भेंडी चिरत होता. सुहास माझा नवरा. त्याच्या कंपनीने त्याला दोन महिन्यांपूर्वी अनपेड लीव्हवर पाठवलं होतं, म्हणजे नोकरी आहे पण काम नाही आणि पगारही नाही. व्हिसा अजून शाबूत होता. तेव्हापासून स्वयंपाक तोच करायचा, आणि माझ्यापेक्षा बरा करायचा. मी त्याला सगळी हकीकत सांगितली.

"कॅमेरा येणार?" त्याने विचारलं.

"आणणारच मी."

"मग मी सभेला येत नाही."

"अरे, तू नुसता बसणार आहेस. तुला कोण दाखवतंय?"

"नुसतं बसायचं नाहीये मला." तो सुरी खाली ठेवत म्हणाला, "मला विचारायचंय. दरवर्षी गणपतीचं मखर मी करतो. उद्या माझा व्हिसा गेला तर मखर करायला तरी आत सोडणार का? पण नाशिकला अण्णा रोज तेच चॅनल लावून बसतात."

अण्णा म्हणजे त्याचे थोरले भाऊ. त्यांना सुहासने या रजेचं काहीच सांगितलं नव्हतं. मला सुहासचा राग आला, आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. एवढा उत्साही माणूस, आणि भेंडीकडे बघून बोलत होता.

मग माझ्यातली पीआरवाली जागी झाली. कॅमेरा आणि मोकळा माइक एकत्र आले तर उठणार कोण? ज्यांची नोकरी पक्की आहे ते. ज्यांचा हा प्रश्न आहे ते घरी भेंडी चिरत बसणार. आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत हेच चाललं होतं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचं, गावाकडे फोनवर "मस्त चाललंय" म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी नीलिमाला फोन केला. कॅमेरा सोडून देऊ म्हटल्यावर ती भडकली.

"मेधा, तू माझ्या बाजूची आहेस ना?"

"तुझ्याच. पण ज्यांच्यासाठी तू उभी आहेस त्यांनाच कॅमेरा नकोय. चारचौघांत उठून बोलायचं तर माइकही नकोय."

घरी पाठवलेल्यांचे चेहरे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होते.

"बरं," ती म्हणाली. "पण फुकट सोडू नकोस."

फुकट मी सोडलं नाही. कॅफेटेरियात परत गेले आणि पाटणकरांना म्हटलं, कॅमेरा नको, माइक नको. त्याबदल्यात फिशपाँड.

फिशपाँड म्हणजे गॅदरिंगची जुनी गंमत. बिननावाची चिठ्ठी पेटीत टाकायची, ती सगळ्यांसमोर वाचली जाते, आणि ज्याच्यावर असेल त्याने हसून घ्यायचं. आमच्या मंडळात कोजागिरीला फिशपाँड नसले तर लोक भांडतात.

"फिशपाँड? गमतीचे?" पाटणकर हसले.

"प्रश्नांचे. आलटून पालटून उमेदवारांनी स्वतः चिठ्ठी काढायची, मोठ्याने वाचायची आणि उत्तर द्यायचं. निवड नाही, गाळणी नाही."

"यल्ला, डन," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. त्यांना सौदा स्वस्तात पडला असं वाटत होतं.

सभा शुक्रवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. स्टेजवर दोन खुर्च्या, मध्ये टीपॉयवर कोजागिरीचीच पेटी, तिच्यावर थर्माकोलचे चमकीवाले मासे. मी घंटा घेऊन खाली पहिल्या रांगेत. सुहास मागे, दाराजवळ.

पहिली चिठ्ठी पार्किंगबद्दल निघाली. दुसरी, जेवणात श्रीखंड का बंद केलं. लोक हसले, मोहिते साहेबही हसले. तिसरी त्यांच्याच हाताला लागली. "नोकरी गेली तर मी मंडळाचा कोण?" त्यांनी घटनेतला नियम पाठ म्हणून दाखवला. चौथी नीलिमाने काढली. तोच प्रश्न, शब्द वेगळे. पाचवीही तीच. मग मखराबद्दल एक निघाली, आणि मी मागे वळून न बघायचं ठरवलं. हॉलमधलं हसू एव्हाना पार आटलं होतं. एवढी माणसं एकाच काळजीत बसली आहेत हे पहिल्यांदाच सगळ्यांना एकदम कळत होतं.

मोहिते साहेबांनी पुढची चिठ्ठी उघडली आणि वाचलीच नाही. चष्मा काढला.

"मेधाताई, कॅमेरा नाही ना कुठे?"

"नाही साहेब."

"मग सांगतो. आमची कंपनी गेल्या महिन्यात बंद झाली. माझा व्हिसा कॅन्सल होतोय. डिसेंबरात मुलीचं लग्न आहे, पुण्यात व्याह्यांना अजून बोललो नाही." ते थांबले. "या नियमाप्रमाणे पुढच्या महिन्यात मी तुमचा साधा सभासदही नाही. अध्यक्ष कुठला?"

मी पाटणकरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ज्या गोष्टीसाठी ते इतके दिवस खिंड लढवत होते, तिचं कारण त्यांनाही आत्ताच कळत होतं.

माझी उमेदवार तिथेच जिंकली होती. नुसतं गप्प बसायचं होतं. मी तिला नजरेने तसं सांगितलंही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तरी ती बोललीच.

"मग अध्यक्षाचं मतदान नंतर घेऊ. आधी नियमाचं घेऊ."

हात वर झाले. सुहासने दोन्ही हात वर केले होते असं मला नंतर शेजारणीने सांगितलं. नियम गेला, जॉब डेस्कही मंजूर झाला. मग चिठ्ठ्या टाकून अध्यक्षाचं मतदान झालं आणि थोडक्या मतांनी मोहिते साहेब निवडून आले.

नीलिमा आणि मी जेवणाच्या रांगेत उभ्या होतो.

"कॅमेरा असता तर ते बोललेच नसते," ती म्हणाली. "मी जिंकले असते."

"हो."

"आणि नियम निघायला पुढची सभा लागली असती."

"तोपर्यंत निम्मे लोक इथून गेले असते."

"श्रीखंड आहे का बघ," ती म्हणाली.

जॉब डेस्क तिनेच चालवला. मोहिते साहेबांना पाटणकरांच्या गोदामात मॅनेजरची जागा मिळाली, आधीपेक्षा बरीच लहान. तिथून त्यांनी व्याह्यांना फोन केला आणि लग्न ठरल्याप्रमाणे झालं. तेव्हापासून बोलणी करताना समोरचा कशावर अडून बसला की मी त्याला आणखी दाबत नाही. तो माझ्यापासून वाचतोय की घरच्यांपासून, हे आधी बघते.

सुहासने सभेच्याच रात्री अण्णांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. अण्णा म्हणाले, "मला कधीच कळलं होतं रे. दोन महिने तू फोनवर घाई करत नाहीस."