पडावावर ऐकू जाणारी शाळा

वाळल्या गवतातून चालत घरी आलं, की पँटला कुसळं चिकटलेली असतात. आपण ती मुद्दाम गोळा केलेली नसतात, पण काढायला बसलं की संपत नाहीत. शाळेतल्या किश्श्यांचंही तसंच. मीटिंग आटोपून आम्ही शिक्षक खापर गावच्या टपरीवर चहाला बसतो, तेव्हा बाकीच्यांकडे साहेबांचे किस्से असतात. माझ्याकडे फक्त पालकांचे! आणि तेही बहुतेक फोनवरचे, कारण वर्षातले निम्मे महिने माझे पालक गावातच नसतात.

माझी शाळा अक्कलकुव्याच्या डोंगरात. पहिली ते चौथी, एक खोली, एक गुरुजी. मी मूळचा खापरचा, पण पाचवीपासून पुण्याच्या वसतिगृहात वाढलो आणि तिथंच ठरवलं, की परत जायचं, आपल्याकडच्या पोरांना शिकवायचं. आलो, आणि पहिल्याच दिवाळीनंतर वर्ग निम्मा रिकामा झाला. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीकडे गेले आणि पोरांनाही घेऊन गेले. उन्हाळ्यात ती परतली तेव्हा शिकवलेलं सगळं पुसलं गेलं होतं.

दुसऱ्या वर्षी मी घरोघर फिरून शब्द दिला, "पोरांना आजी-आजोबांकडे ठेवा. शाळेत रोज काय झालं, ते मी रोज तुम्हाला कळवीन."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त जमनाबाईने अट घातली. तिची वनिता दुसरीत. "ठेवते. पण पोरगी झुरतेय असं मला ज्या दिवशी वाटेल, त्या दिवशी येऊन घेऊन जाईन. तू आडवं यायचं नाही."

इथल्या भिली बोलण्यात सगळ्यांनाच तू. गुरुजीला तू, कलेक्टरला तू, देवाला तर तूच!

मी म्हटलं, "कबूल."

*

कळवण्यासाठी माझी पहिली कल्पना होती वहीची. लोक अजून गावातच होते, म्हणून सराव सुरू केला. प्रत्येक पोराला एक 'संवाद वही' दिली. रोज शाळा सुटण्याआधी मी प्रत्येकीत चार ओळी लिहायचो, 'आज आपल्या पाल्याने वजाबाकीत उत्तम प्रगती दर्शवली' वगैरे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वह्या परत आल्या. प्रत्येकीत खाली निळा अंगठा! ज्यांना सही येते त्यांचाही अंगठा. एकही पालक सुटला नव्हता. मी हरखलो. त्या दिवशी मी पुण्याच्या मित्रांना फोटोसुद्धा पाठवले.

पाचव्या दिवशी तिसरीतल्या एका पोराचा बाप, रूपसिंग, शाळेच्या पायरीवर येऊन बसला.

"गुरुजी, चार दिवस अंगठा दिला."

"हो ना, फार छान!"

"मग वाटप कधी?"

"कसलं वाटप?"

"ते तुला माहीत. अंगठा घेतलास म्हणजे काहीतरी येणारच."

मी विचारलं, "अहो, पण वर काय लिहिलंय ते कुणाकडून वाचून नाही का घेतलं?"

रूपसिंग माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "अंगठ्याच्या वरचं आजवर कोणी वाचून दाखवलंय, गुरुजी?"

वह्या बंद!

*

मग आला व्हॉइस मेसेज. उसाच्या फडाजवळ मजुरांच्या झोपड्यांची वस्ती असते, तिला पडाव म्हणतात. पडावावर मुकादमाकडे मोठा फोन होता. संध्याकाळी तोड संपली, की सगळे त्याच्याभोवती बसून ऐकणार असं ठरलं. आमच्या गावात नेटवर्क फक्त टेकडीवर, मोहाच्या झाडाखाली. शाळा सुटली की मी, पोरं आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या रतनीबाई असे सगळे वर चढायचो.

रतनीबाई कशाला? तर माझी भिली कच्ची. मी मराठीत सांगायचं, त्यांनी भिलीत बोलायचं.

पहिल्या दिवशी मी तयारी करून गेलो होतो. "आज मुलांनी पाण्याची तीन रूपं पाहिली. बर्फ नसल्यामुळे बर्फाची कल्पना केली. गटचर्चा झाली. मुलांनी प्रश्न विचारले..." असं दोन मिनिटं बोललो.

रतनीबाईंनी फोन तोंडाशी धरला आणि चार शब्द बोलून खाली ठेवला.

"काय सांगितलंत?"

"सगळी आली. सगळी जेवली."

"एवढंच?"

"आणखी काय लागतं आईला?"

*

घरी माझ्या आईला हे सगळं सांगितलं. तिने शेजारणीला अहिराणीत माझी ओळख करून दिली ती अशी, "मन्हा पोऱ्या पुणामा शिकना, आनि आते डोंगरमा चढीसन बातम्या दी ऱ्हायना!"

*

पुढे मी फोटो पाठवू लागलो. मुलं परिपाठाला ओळीत उभी, मागे गाव. पडावावर फोटो तुफान चालले. एकेक फोटो लोक बोटांनी मोठा करकरून बघतात, असं मुकादम सांगायचा. माझा ऊर भरून यायचा. पालक शिक्षणात रस घेताहेत!

एका सकाळी टेकडीवर गेलो, तर रूपसिंगचा मेसेज.

"गुरुजी, फोटो पाहिला. मागे काळी शेळी दिसते, ती माझी. सुटली कशी? म्हाताऱ्याला सांग."

दुसऱ्या दिवशी आणखी एक, "माझ्या छपरावरची कौलं सरकलीत वाटतं. उद्या फोटो तिकडून काढ."

तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी आजीने फोटोत काठी धरली होती. ती लंगडते का, असं पाच जणांनी विचारलं.

थोड्याच दिवसांत माझ्या परिपाठाची दिशा पडावावरून ठरू लागली. सोमवारी पोरं उगवतीकडे तोंड करून उभी, मंगळवारी मावळतीकडे. एकदा केंद्रप्रमुख अचानक आले. पोरं भिंतीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत होती आणि मी मागच्या गोठ्याकडे कॅमेरा लावून बसलो होतो.

"हे काय चाललंय, गुरुजी?"

"पालक संपर्क, सर."

साहेबांनी गोठा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि वहीत लिहिलं, 'संपर्क दांडगा आहे.'

*

जमनाबाई मात्र शेळीबिळी विचारायची नाही. तिचा एकच सवाल, "वनिता काय करते?" आणि मी रोज सांगायचो, "मजेत आहे."

डिसेंबरात एका दुपारी ती साक्षात दारात उभी! दोन बस आणि एक जीप बदलून आली होती. घरी न जाता सरळ वर्गात. वनिताचं कपाळ चाचपलं, हातपाय बघितले, केसांत बोटं फिरवली. पोरगी ठणठणीत होती.

मी दुखावलो. "जमनाबाई, मी रोज सांगत होतो ना, सगळं चांगलं आहे म्हणून?"

"म्हणूनच आले! एवढी पोरं, आणि महिनाभर एकाला खोकला नाही? कोणी पडलं नाही? कोणी कोणाला चावलं नाही? मला वाटलं, नक्की काहीतरी मोठं लपवतोयस."

दुसऱ्या दिवशी ती कामावर परतली. त्या संध्याकाळपासून आम्ही रोज एक तरी वाईट बातमी द्यायची पद्धत पाडली. 'आज दोघांची मारामारी झाली. खिचडी करपली. एकीने दुसरीची वेणी खिडकीला बांधली.'

मुकादमाचा निरोप आला, "आता लोकांना शांत झोप लागते!"

*

पण जमनाबाईची शंका मिटली, तरी एक गोष्ट राहिलीच. वनिता फोनवर बोलायची नाही. बाकीची पोरं फोन हिसकावून गाणी म्हणायची, चुगल्या सांगायची. वनिता फोन समोर आला की ओठ गच्च मिटायची. वर्गात बडबडी, टेकडीवर मुकी.

जमनाबाईचे मेसेज तुटक होत गेले. "सगळ्यांची पोरं बोलतात. माझी का नाही?" मग, "मला विसरली का?" आणि जानेवारीत शेवटचा, "मुकादमाची गाडी रविवारी माणसं न्यायला येतेय. मी तिच्यात येते. पोरीची पिशवी भरून ठेव."

वनिता नुकतीच वाचू लागली होती. नुकतीच, म्हणजे त्याच आठवड्यात! दिसेल ते वाचायची. तेलाचा डबा, बिस्किटाचा पुडा, भिंतीवरची पोलिओची पाटी. आता पडावावर गेली, की हे सगळं उसाच्या पाचटात जाणार, हे मला मागच्या वर्षीवरून ठाऊक होतं. पण मी शब्द दिला होता. आडवं यायचं नाही.

शनिवारी शाळा सुटताना मी तिला पढवलं. "फक्त एवढं म्हण, आई, मी मजेत आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. टेकडीवरही तेच. तिच्यापुढे फोन धरून मी पुन्हा पुन्हा विनवत होतो.

शेवटी रतनीबाई खेकसल्या, "गुरुजी, फोन तिच्या हातात दे, आणि तू लांब हो!"

मी दहा पावलं लांब जाऊन पाठ करून उभा राहिलो. मग मोहाच्या मागून वनिताचा आवाज आला, भिलीत, अगदी सावकाश.

"आई, गुरुजी आज फटफटी ढकलत आला. त्याच्या शर्टाला एक बटण नाही. तेराच्या पाढ्यात चुकला, चौथीच्या पोरांनी सांगितलं. दुपारी थोडंच खाल्लं. कोणाशी बोलला नाही. मग फळ्याकडे तोंड करून डोळे पुसत होता. विचारलं तर म्हणतो, खडू गेला. खडू नव्हता गेला, आई, मी बघत होते. त्याला इथं कोणीच नाही."

ती आली आणि फोन माझ्या हातात देत म्हणाली, "पाठव."

पाठवला.

रविवारी मी वनिताची पिशवी घेऊन रस्त्यावर उभा होतो. बाजूला वनिता, तिची आजी आणि रतनीबाई. गाडी आली. मुकादम उतरला. मी गाडीत मागे बघितलं, जमनाबाई नव्हती.

मुकादमाने खिशातून फोन काढला. "तिने बोलून दिलंय. पोरीला ऐकव म्हणाली." आणि त्याने आवाज मोठा केला.

"वनिता, ऐकलं मी. बटण आजीला लावायला सांग. आणि होळीला मी येईपर्यंत तू तिथंच राहा. गुरुजीकडे लक्ष ठेव."