शालूआक्काचा खाडा

आमचे दाजी, हंबीरराव, साखर कारखान्यात चौतीस वर्षं टाइमकीपर होते. म्हणजे हजेरीचं मस्टर त्यांच्या ताब्यात. सकाळी गेटवर उभं राहायचं, आला त्याच्या नावापुढं 'ह' मारायचा, न आला त्याचा खाडा लावायचा. भोंग्यानंतर एक मिनिटानं पोचलेल्या सख्ख्या मेव्हण्यालाही या माणसानं खाडा लावलाय. तो मेव्हणा म्हणजे मी, जोतीराम. मी कारखाना सोडला, माधवनगरला यंत्रमाग टाकले, पण तो राग अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

यंदा त्यांच्या लेकीनं, राजनंदिनीनं, मुंबईहून गोवा आणि पुढं लक्षद्वीप अशी चार दिवसांची जहाजाची सहल काढून दिली. सोबतीला मी. माझी थोरली बहीण शालूआक्का काही केल्या तयार होईना. शेवटी तिनं माझ्यादेखत दाजींना अट घातली.

"चार दिस माझ्याशेजारी बसायचं आन समिंदर बगायचा. लग्नाच्या पाटावर बसला, त्यानंतर शेजारी म्हणून बसला न्हाई तुमी. कुनाची हजेरी न्हाई, कुनाची चौकशी न्हाई. कबूल?"

"कबूल," दाजी म्हणाले. मला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं.

जहाजावर आपल्या सांगली-साताऱ्याकडची चाळीसएक माणसं निघाली आणि चढल्या चढल्या सल्ले सुरू झाले. मिरजेच्या रेश्मा मॅडमची ही दुसरी खेप, त्यामुळं त्या जाणकार. "पहिल्याच जेवणाला ताट शिगोशिग भरू नका, उद्या पण हेच असतंय. आणि पोहायच्या तलावाकडंची खुर्ची पाहिजे तर सकाळी सातलाच टॉवेल टाका, एसटीत रुमाल टाकतो तसा." पाटणचे नाथाजी सुभेदार पायदळातले, पण बोलायचे असे की सगळी नोकरी पाण्यावरच केली. "गोळी उलटीच्या आधी घ्यायची. लांब बगायचं, खाली न्हाई. मनावर हाय सगळं, गड्या!" एवढं सांगून ते संध्याकाळी जे आडवे झाले ते दुसऱ्या दिवशी दुपारीच उठले.

आक्का आणि दाजी डेकवर दोन खुर्च्या धरून नुकते टेकले होते. आक्कानं पदर सारखा केला, पाण्याकडं तोंड केलं, आणि तेवढ्यात वरचा स्पीकर बोलला: सगळ्या प्रवाशांनी आपापल्या मस्टर स्टेशनवर जमावं.

"मस्टर!" दाजी ताडकन उठले. "आगं, मस्टरला बोलवाय लागल्यात!"

"आवं दाजी, ते तसलं मस्टर न्हवं," मी म्हणालो. "संकट आलं तर कुणी कुठं जमायचं, त्याची तालीम हाय."

ऐकतात कुठं! तिथं जाऊन बघतात तर पांढऱ्या पोशाखातली एक बाई प्रत्येकाचं कार्ड मशीनला टेकवत होती. टिंग, झाली हजेरी. दाजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सही न्हाई, अंगठा न्हाई! एकाचं कार्ड दुसऱ्यानं लावलं मंजी? हितं समिंदर हाय, कारखाना न्हवं." आणि खिशातून वही काढून त्यांनी आपल्या चाळीस माणसांची नावं उतरवून घेतली, गावासकट, खोलीच्या नंबरासकट.

आक्का तिथनं सरळ डेकवर परतली. खुर्चीवर एकटीच जाऊन बसली.

पुढचे दोन दिवस विचारू नका. दाजी नाष्ट्याला हजेरी घेत, जेवणाला घेत, गोव्याला उतरताना घेत आणि चढताना पुन्हा घेत. आणि लोकांना ते चक्क आवडायला लागलं! कुणाचा नवरा सापडेना, की गाठा हंबीररावांना. ते वही उघडून सांगणार, "आठव्या मजल्याव, आईस्क्रीमच्या लायनीत, नऊ चाळीसला. दुसऱ्यांदा." नाथाजींच्या नावापुढं त्यांनी 'आजारी रजा' लिहिलं होतं. रेश्मा मॅडम तर म्हणाल्या, असा माणूस प्रत्येक जहाजावर पाहिजे. दाजी असे फुगले की काही सांगायची सोय नाही.

मी दोनदा म्हणालो, "दाजी, आक्का एकटी बसलीया." दोन्ही वेळा तेच उत्तर. "आलोच. एवढी दुपारची घेतो."

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये रेश्मा मॅडमनी विचारलं, "शालूताई कुठं आहेत हो? सकाळपासून दिसल्या नाहीत."

दाजींनी रुबाबात वही उघडली. बोट पहिल्या पानावरून शेवटच्या पानावर गेलं, परत पहिल्या पानावर आलं. मी मागून वाकून बघितलं. एकोणचाळीस माणसं होती. आक्काचं नाव वहीत कुठंच नव्हतं. माझं डोकं असं फिरलं, की तिथं एवढी माणसं नसती तर वही समुद्रात फेकली असती.

मग पळापळ. दाजी पुढं, मी मागं. नाट्यगृह, तलाव, दुकानं, सगळीकडं बघितलं. जिन्यावर दाजींना दम लागला तरी थांबेनात. "कठड्याला वाकून बगायची सवय हाय रं तिला," एवढंच पुटपुटत होते. इतक्या वर्षांत त्या माणसाचा चेहरा मी असा उतरलेला बघितला नव्हता.

आक्का सापडली अगदी मागच्या डेकवर. पाय लांब सोडलेले, डोळ्यांवर कुणाचा तरी काळा चष्मा, हातात थंडगार कॉफी. शेजारी पंजाबी बायकांचा घोळका, आणि आमची आक्का त्यांना सल्ला देत होती: "आदमी को साथ में लाव, लेकिन उसके भरोसे पे मत बैठो."

"आगं, कुटं हुतीस?" दाजी ओरडले.

"हितंच. माझं नाव कुटं हाय वहीत?"

"तुजं कशाला? तू हाईसच की!"

"मग आज न्हाई. लावा माजा खाडा."

दाजी गडबडले. "नाव चढवल्याबिगर खाडा कसा लावायचा?"

"मग चढवा."

आणि या माणसानं खरंच पेन काढलं! सौ. शालूबाई हंबीरराव, असं नीट लिहिलं आणि सवयीनं विचारलं, "रुजू कवा?"

"त्र्याऐंशीच्या वैशाखात. तुमच्याच दारात."

दाजींनी आकडा मांडला. पेन तिथंच थांबलं.

"बेचाळीस वर्सं," ते म्हणाले. "एक खाडा न्हाई. एक रजा न्हाई. चुकलं गं माजं. लय रजा साठलीया तुजी. मंजूर."

"मंजूर करनारं तुमी कोन?" आक्का म्हणाली. "सकाळीच घेतलीया मी."

मला हसू फुटलं, पण दाजींकडं बघून आवरलं. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रजा अडवलेला तो माणूस खुर्चीसमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"मग... मी बसू का हितं?"

आक्कानं त्यांच्याकडं बघितलं नाही. शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून तिनं मांडीवर घेतली.

"बसा. आन वाईच गप बसा."