दीड लिटर जास्तीचं तेल

भल्या सकाळी खालच्या पार्किंगमध्ये एखादी डिझेल गाडी सुरू झाली, की अर्धवट झोपेत मला अजूनही ती घटना आठवते. आधी धुकं दिसतं, मग त्या धुक्यात उघडलेलं एक बॉनेट आणि त्यावर वाकलेले एक आजोबा. निवृत्त झाल्यापासून लोक विचारतात, साहेब, सगळ्यात अवघड केस कोणती? मी हीच सांगतो आणि लोक नाराज होतात, कारण हिच्यात रक्ताचा एक थेंब नाही. जे काही सांडलं, ते इंजिन ऑइल.

तेव्हा मी पुण्याच्या पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मांजरी गावाच्या बाजूला उसाची शेतं मागे सरकत होती आणि त्यांच्या जागी पंधरा-पंधरा मजल्यांच्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. थंडीत पहाटे फेरीला निघालो की उरलेल्या उसावर धुकं बसलेलं असे आणि वरच्या गॅलऱ्यांतले दिवे नुसते हवेत तरंगताना दिसत. खाली इमारत आहे की नाही, कळत नसे. मला ते फार आवडायचं. जीप बाजूला घेऊन मी पाच मिनिटं उगाच बघत उभा राहायचो.

तशाच एका सकाळी चाळिशीतला एक गृहस्थ अर्ज घेऊन आला. मोठ्या आयटी कंपनीत होता आणि घरूनच काम करायचा. त्याच्या नव्या डिझेल गाडीचा पिवळा दिवा लागला होता आणि गाडी वेग घेईना. गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपने सांगितलं, की सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरून ठेवणारा जो फिल्टर असतो तो तुंबला आहे, इंजिनात चुकीचं तेल आहे, सबब वॉरंटी मिळणार नाही. त्यांनी तेल बदलून गाडी तात्पुरती चालू करून दिली होती. नवा फिल्टर यायचा होता. आधीचं तेल तीन महिन्यांपूर्वी त्याने मांजरीच्या एका छोट्या गॅरेजमध्ये भरून घेतलं होतं.

"सर, हे क्लिअर चीटिंग आहे," तो म्हणाला. "बिलावर राइट ग्रेड लिहिलंय, आत लोकल तेल टाकलंय. माझ्याकडे सगळे स्क्रीनशॉट्स आहेत."

आमचे ठाणे अंमलदार अर्जावर शिक्का मारता मारता म्हणाले, "वा! शहरातली बाकीची भांडणं मिटली म्हणायची. आता इंजिनाचा जबाब घ्यायचा का, साहेब?"

थेट गुन्हा दाखल न करता मी अर्ज चौकशीवर ठेवला. पण त्या गृहस्थाने आधीच सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहून टाकलं होतं. मी गॅरेजवर पोहोचलो तेव्हा तिथे एकही गाडी नव्हती.

पत्र्याची शेड, मागे उसाचा शेवटचा तुकडा. मेकॅनिक तिशीचा होता. घरची जमीन सोसायट्यांत गेली तेव्हा राहिलेल्या तुकड्यावर त्याने हे गॅरेज टाकलं होतं, आणि त्याची सगळी गिऱ्हाइकं त्याच सोसायट्यांतली.

"सायेब, मी गाडीच्या पुस्तकात लिवलंय तेच तेल घातलंय," तो म्हणाला. "ह्यो बघा डबा. आठ दिस झालं, एक गाडी दारात न्हाई. त्यात गुन्हा लागला तर शटर कायमचं खाली जाईल."

मी डबा उघडायला लावला आणि दोन थेंब बोटांवर घेतले. कोवळ्या उन्हात ते मधाच्या रंगाचं दिसत होतं, पण चोळून बघतो तर पातळ. अगदी खोबरेल तेल वाटावं इतकं पातळ.

मी पोलिसांच्या जुन्या जीपवर वाढलेला माणूस. जाड तेल म्हणजे अस्सल आणि पातळ म्हणजे भेसळ, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी म्हणालो, "हे तेल आहे की पाणी?"

"न्हाई सायेब, नव्या डिझेलला पातळच लागतंय," तो समजावायला लागला. "अन् नुसतं पातळ-जाड बघून चालत न्हाई. पुस्तकात जाडीच्या आकड्याच्या खाली अजून एक खूण असतीय, ती बघायची. साध्या तेलात जी औषधं घातलेली असत्यात, ती जळली की त्यांची राख हुती. काजळी गरम झाल्यावर जळून जाती, राख जळत न्हाई. ती फिल्टरमधी बसती ती बसतीच. म्हणून हिला कमी राखंचं तेल. ट्रकचं जुनं तेल हिच्यासाठी इख हाय, जहर."

त्याचं बोलणं मला पाठ केल्यासारखं वाटलं. खरं बोलणारा माणूसही पाठ केल्यासारखं बोलू शकतो, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर तरी मला कळायला हवं होतं. मी दोन पंच बोलावले, डबा सील केला आणि त्याला जबाबासाठी ठाण्यात यायला सांगितलं. सही करताना त्याच्या काळ्या बोटांचा ठसा कागदावर उठला. तो पुसायला गेला आणि जास्तच पसरला.

तिथून मी अर्जदाराच्या घरी गेलो. तो कानांना हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसला होता, त्याने हातानेच 'थांबा' अशी खूण केली. पाणी त्याच्या वडिलांनी आणून दिलं आणि तेच मला गाडी दाखवायला खाली घेऊन आले. आजोबा पंचाहत्तरीचे, ताठ, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. एके काळी त्यांचे मार्केट यार्डात दोन ट्रक होते.

"अहो साहेब, पातळच होतं ते तेल," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून पातळ. मी तेल मोजायची काडी ओढून बघितली ना!"

मला हवा तोच साक्षीदार भेटला होता. मग ते ट्रकच्या दिवसांबद्दल बोलू लागले. गुळाच्या ढेपा भरून पहाटे निघायचं, घाट चढून वर गेलं की खाली सगळं धुक्याने भरलेलं, थांबून काडी ओढायची, स्वच्छ रुमालाने पुसायची, पुन्हा ओढायची. "इंजिन उपाशी ठेवायचं नाही, एवढंच मला कळतं," ते म्हणाले. पार्किंगमध्ये उन्हाची एक तिरीप येत होती आणि ते बोलत होते. मी चौकशीला आलोय, हे मी विसरूनच गेलो. घड्याळ बघितलं तेव्हा तास उलटून गेला होता.

संध्याकाळी ठाण्यात कागद लावत बसलो होतो. अर्जासोबतचा वर्कशॉपचा अहवाल मी सकाळी वरवर वाचला होता. तळाशी एक ओळ होती, तेलाची पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर, अंदाजे दीड लिटर जास्त, तेल दोन जातींचं मिसळलेलं. मी ती दोनदा वाचली.

मेकॅनिकने फसवायचं ठरवलं असतं तर त्याने कमी भरलं असतं. दूधवाला असो की पेट्रोलवाला, लबाडी करणारा माप मारतो. दीड लिटर फुकट जास्त घालणारा चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. नको नको म्हणताना ताटात जास्तीचं कोण वाढतं? आग्रह करणारं माणूस घरचंच असतं. आणि गाडीची काडी पहिल्या दिवसापासून ओढून बघणारं त्या घरात एकच माणूस होतं. मी दिवा मालवून तसाच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या पायरीवर एक बाई थांबली होती. त्या सोसायटीत गाड्या पुसायचं काम करायची, मूळची विदर्भातली.

"साहेब, त्या गॅरेजवाल्याले काहून त्रास देता?" ती सरळ म्हणाली. "शनिवारी मी पुसायले जाते तेव्हा त्या गाडीच्या बॉनेटले तेलाची बोटं लागलेली असतात. दुसऱ्या कोणत्याच गाडीले नाही. मायं नाव नका लिहू, मले तिथंच काम करायचं आहे."

नाव मी लिहिलं नाही, आजही लिहीत नाही.

शनिवारी उजाडायच्या सुमाराला मी साध्या कपड्यांत त्या पार्किंगच्या खांबाआड उभा राहिलो. उसावरून आलेलं धुकं आत शिरलं होतं आणि गाड्या पांढऱ्या गोधड्या पांघरून झोपल्यासारख्या दिसत होत्या. लिफ्टचा दरवाजा वाजला. आजोबा आले. अंघोळ करून, कपाळाला गंध लावून. त्यांनी बॉनेट उघडलं, नमस्कार केला, काडी ओढली, रुमालाने पुसली, प्रकाशात धरून मान हलवली. मग शेजारच्या आपल्या जुन्या स्कूटरच्या कव्हरखालून एक कॅन काढला आणि स्टीलच्या वाटीत तेल ओतलं. जाड, संथ धार. खोटं कशाला बोलू, ते बघताना मला इतकं शांत वाटलं की पुढे व्हायला पाय उचलेना.

वाटी इंजिनाच्या तोंडाशी गेली तेव्हा मी म्हणालो, "आजोबा, नका घालू."

ते दचकले नाहीत. फक्त वाटी हातात तशीच राहिली.

"मार्केट यार्डातून आणतो," ते म्हणाले. "माझे ट्रक याच तेलावर धावले. त्या पोराने पातळ घातलं म्हणून दर शनिवारी एक वाटी. पुन्हा पातळच भरलंय बघा. कंपनीवाले झाले म्हणून काय झालं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. मेकॅनिकचेच शब्द वापरले, राख, फिल्टर, कमी राखेचं तेल. शिवाय वर्कशॉपकडून जे विचारून घेतलं होतं तेही, की जास्तीचं तेल वर उडून जळतं, आणि ही गाडी शाळा आणि दुकान एवढीच जात असल्याने तिचा फिल्टर तापून स्वच्छ व्हायलाच मिळत नाही. ते ऐकत ऐकत स्कूटरच्या सीटवर बसले.

"म्हणजे मीच तिचा जीव घोटला."

मी इंजिनाचं झाकण लावलं.

"मुलाला सांगू नका, साहेब," ते म्हणाले. "वर माझं काही काम नाही. भाजी फोनवरून येते, बिलं फोनवरून जातात. घरात एवढी एकच वस्तू होती, जिच्यातलं मला कळतं असं वाटायचं."

अर्ज दफ्तरी दाखल करून टाकणं माझ्या हातात होतं. पुरावा नाही, असा एक शेरा मारला की झालं. पण ग्रुपवरचा मजकूर तसाच राहिला असता, आणि त्या शेडमध्ये गाडी आली नसती.

"मग त्या मेकॅनिकचं काय करायचं?" मी विचारलं. "त्याचं दार बंद व्हायची वेळ आलीय."

त्यांनी वाटीतलं तेल हळूच परत कॅनमध्ये ओतलं. एक थेंबही सांडला नाही. "किती वाजता येऊ ठाण्यात?" ते म्हणाले.

दहाला आले. मुलगा सोबत होता, घरी त्यांनीच त्याला सांगितलं होतं. त्यांनी स्वच्छ अक्षरात जबाबावर सही केली. मुलगा खाली बघत म्हणाला, "बाबा, मला एकदा विचारायचं ना."

"विचारणार होतो. तू हेडफोन काढायची वाट बघत होतो."

अंमलदारांनी एकदम खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

मुलाने अर्ज मागे घेतला, ग्रुपवर चार ओळींची दिलगिरीही टाकली. सील केलेला डबा परत द्यायला मी निघालो तेव्हा आजोबा आपणहून जीपमध्ये बसले. गॅरेजमध्ये त्यांनी हात जोडले. मेकॅनिक मात्र विरघळला नाही.

"आजोबा, तुमच्या माफीला म्या काय करू? ग्रुपवरचं वाईट समद्यांनी वाचलं. चांगलं कोण वाचतंय?"

आजोबांनी खिशातून गाडीचं पुस्तक काढलं. "यातलं तेलाचं पान मला दाखव. नीट समजावून सांग. मी दारोदार जाऊन सांगतो, मी काय केलं ते."

आणि ते गेले. पंधरा मजले, दर मजल्यावर चार दारं. बेल वाजवायची, गाडीचं पुस्तक उघडायचं आणि सांगायचं, की चुकीचं तेल मी घातलं, त्या पोराने नाही. कुणी चहा दिला, कुणी दार अर्धंच उघडलं. चार दिवस लागले त्यांना. पाचव्या दिवशी शेडपुढे दोन गाड्या उभ्या होत्या.

या केसने मला काय शिकवलं? वाईट हेतू शोधायची सवय आम्हाला नोकरी लावते. पण माणसं पुष्कळ नुकसान मायेनेच करून ठेवतात, आणि ज्याने आयुष्यभर एक गोष्ट नीट केली, त्याला ती आता चुकतेय हे दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं. दोन बोटांवर तेल चोळून मी एका माणसाची रोजीरोटी घालवायला निघालो होतो. त्याची माफी मी त्या दिवशी मागितली नाही. वर्दीत आहोत, अशी सबब मी स्वतःला दिली.

ती निवृत्तीनंतर मागितली. मुलाच्या गाडीचं तेल बदलायचं निमित्त काढून मी मांजरीला गेलो. ऊस आता नव्हता, पण सकाळचं धुकं होतं. मी म्हणालो, "त्या दिवशी चुकलो मी." मेकॅनिक हसला, "जाऊ द्या सायेब, बसा," म्हणाला आणि नवा डबा फोडायला वळला. शेडच्या दारात खुर्ची टाकून आजोबा बसले होते. दर शनिवारी तिथेच असायचे. कुठलीही गाडी आली की चष्मा लावून तिचं पुस्तक ते मोठ्याने वाचत, मगच मेकॅनिक तेल ओतायचा.

डबा उघडला, आणि नकळत माझी दोन बोटं तेलाकडे गेली.

"अहं, साहेब," आजोबा पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "बोटांनी नाही. पान उघडलंय मी, इकडे या."

मी बोटं रुमालाला पुसली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.