झरीच्या नदीवर भूगोलाच्या बाई

आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई दिशा धरूनच बोलत. "सर, डस्टर तुमच्या पश्चिमेला आहे," असं स्टाफरूममध्ये सहज म्हणत. त्यांचा आवाज चढलेला मात्र मी कधी ऐकला नव्हता.

दिवाळीच्या आधी त्यांनी नववीच्या मुलींना झरीजवळच्या नदीवर नेलं. मी गणिताचा शिक्षक, मदतीला गेलो. पाणी गुडघाभर होतं. मुली काठावरून बोर्डीहून आणलेले सुके नारळ सोडून पाण्याचा वेग मोजत होत्या. नदीची रुंदी मोजायला मी टेपचं टोक धरून मधोमध एका खडकाशी उभा होतो. अचानक पाणी गढूळ झालं आणि त्यातून काटक्या वाहत येऊ लागल्या.

"सर, टेप सोडा. बाहेर या," बाई म्हणाल्या.

"एवढं माप होऊ द्या की."

त्या साडीसकट पाण्यात शिरल्या, माझी कॉलर धरली आणि मला ओढतच काठावर आणलं. आम्ही वर चढतो न चढतो तोच मी उभा होतो तिथला खडक दिसेनासा झाला. वर डोंगरात कुठेतरी पाऊस झाला असणार; आमच्या डोक्यावर ऊन होतं.

मुली रडत होत्या. बाईंनी एका मुलीच्या हातात नारळ दिला.

"इथूनच टाक. आता वेग किती झाला ते मोजा."

मला ते क्रूर वाटलं. पण हुंदके आवरत मुली मोजू लागल्या.

बाई मात्र नदीकडे पाठ करून बसल्या. त्या बराच वेळ वळल्या नाहीत.